माळवदावर उलगडलेलं कापड

आमच्या गावात सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नसत. महादेवाचा वार, नंदीची सुट्टी. पेरणी खोळंबली तरी चालेल, पाहुणे वेशीवर ताटकळले तरी चालेल, पण सोमवारी बैल दावणीला बसून कडबा चघळणार आणि माणसं त्यांच्याकडे बघत बसणार. शेजारच्या गावांत असला नेम नव्हता. तिकडचे लोक आम्हाला हसत आणि आमचे लोक म्हणत, हसू द्या, तुमचे बैल बघा आणि आमचे बघा. आमचे बैल देखणे होते यात शंका नाही. माजलेलेही होते, पण ते कुणी बोलून दाखवत नसे.

हे आधी सांगायचं कारण असं, की आमच्या आत्यानं जन्मभर ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस नेमका सोमवारी आला.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. ऐन पंचविशीत तिचा नवरा गेला आणि ती माहेरी परत आली ती कायमची. येताना तिनं फार काही आणलं नाही, पण वाचता येऊ लागलं होतं ते घेऊन आली. शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला वाचता येणं हे त्या काळात नवलच होतं. निजामाचं राज्य, शाळा होत्या त्या उर्दूच्या, आणि त्याही तालुक्याच्या गावी. आमच्याकडे पुरुषांनासुद्धा अंगठा पुढं करायची सवय होती. पण आत्याच्या नवऱ्याला पोथ्यांचा नाद. सासू शेतात गेली की तो चुलीतली राख पसरून तिच्यात बोटानं अक्षरं काढी आणि बायकोकडून गिरवून घेई. पुढं तिनं मला तसंच शिकवलं. माझी बाराखडी चुलीपुढं झाली, म्हणून असेल, वाचताना मला अजून मधूनच भाकरीचा वास येतो.

त्याच नवऱ्यानं तिला अंबाजोगाईच्या कापडाची गोष्ट सांगितली होती. सरकारी कागदावर त्या गावाला तेव्हा मोमिनाबाद म्हणत, पण आमच्या तोंडी कायम अंबाजोगाई. तिथं फार पूर्वी एक मोठे कवी होऊन गेले. आमच्याकडे त्यांचं नाव कुणी सरळ घेत नसे, नुसतं 'महाराज' म्हणत, आणि मीही तोच शिरस्ता पाळते. महाराजांचं लिहिणं एवढं अफाट, की त्याला कागद पुरेनात. मग त्यांनी लांबच्या लांब कापड घेतलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत लिहून काढलं. ते कापड अजून त्या गावात एका घरी जपून ठेवलेलं आहे, आणि वर्षातून एकदा, थंडीच्या दिवसांत, कसर लागू नये म्हणून ते उन्हात घालतात. "एक डाव नेऊन दाखवतो तुला," असं नवरा म्हणाला होता. नेण्याआधीच तो गेला.

आत्या त्या कापडाविषयी रोज बोलत असे असं नाही. ती तशी बोलायला कमीच. पण कुणी त्या बाजूचा पाहुणा आला की जेवायला वाढता वाढता हळूच विचारी, "कापड घातलं का वो औंदा उनात?" घातलेलं असे, पण ती बातमी आमच्यापर्यंत येई ती पार होळीच्या सुमाराला. उन्हात घालायचा दिवस ठरलेला नसे. त्या घरच्यांना सवड होईल, आभाळ निवळ असेल, तेव्हा घालायचं.

आणि मग तिचे डोळे जाऊ लागले. मोतीबिंदू. ती म्हणे, "जरा धूसर दिसतंय, दुसरं काय न्हाई." पण त्या श्रावणात देवळात पोथी लावली तेव्हा मी तिच्या शेजारी बसले होते. तिनं एकदम दोन पानं उलटली आणि ओवी मात्र एकही गाळली नाही. बायका माना डोलवत ऐकत राहिल्या. ती वाचत नव्हती, पाठ म्हणत होती. तिथं बाकी कुणाला वाचता येत नव्हतं, त्यामुळे हे कळलेली मी एकटीच. आता ते कापड दिसायचं असेल तर याच वर्षी, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

मार्गशीर्षात निरोप आला. बाजाराहून परतणारा ओळखीचा एक वाणी उंबऱ्यावर उभा राहून म्हणाला, "आत्याबाय, तुमचं कापड सोमवारी काढायलेत उनात. सांजंला घडी घालून पेटीत."

आत्या ताक घुसळत होती. रवी थांबली. "सोमवारी?" ती म्हणाली, आणि पुन्हा घुसळायला लागली.

त्या रात्री घरात पंचायत बसली. वडील म्हणाले, सोमवारी बैल जुंपायचे नाहीत म्हणजे नाहीत. आजवर कुणी जुंपले नाहीत. आत्या म्हणाली, मी कुठं म्हणते जुंपा म्हणून, मी चालत जाते. चार-पाच कोसांची वाट, पायांखालचा दगड दिसत नाही, आणि ही चालत जाणार! तेवढ्यात धाकट्या काकांनी तंबाखू थुंकून घसा खाकरला. आमचे काका म्हणजे अडचण दिसली की हुरूप येणारा माणूस. अडचण सुटायचीच असं नाही, पण हुरूप यायचाच.

"माहादेवाची हद्द कुठवर?" काकांनी विचारलं. "गावच्या शिवंपातुर. बरूबर? मंग शिवंपातुर गाडी आपण वडायची. बैलं मोकळी चालवायची संगं. शिव वलांडली की जुंपायची. तितून म्होरं त्यो मुलूख दुसऱ्याचा, सोमवार बी दुसऱ्याचा."

वडिलांनी बराच वेळ विचार केला. त्यांना यात खोट सापडेना. आजही मला सापडत नाही.

सोमवारी उजाडताना आमची वरात निघाली. पुढं काका आणि दोन गडी माणसं गाडी ओढतायत, मागं दोन धिप्पाड बैल शिंगं हलवत मोकळे चाललेत. बैलांच्या तोंडावर जो भाव होता तो मी पुढं फक्त मामलेदाराच्या तोंडावर पाहिला. आत्याला गाडीत बसायला सांगितलं तर ती भडकली. "माणसांनी वडून न्यायला मी काय मढं हाय का? शिवंपातुर मी बी चालते." मी तिचा हात धरला. 

शिवेच्या दगडाशी काकांनी नारळ फोडला, बैल जुंपले, आणि काय सांगू, बैल निघाले की! गडी माणसं माघारी वळली. काकांनी मिशीवरून हात फिरवला. आत्या गाडीत बसली, मी तिच्या पायाशी. गाडी ओढ्यापर्यंत झोकात गेली. ओढ्यात घोट्याएवढं पाणी. मधोमध गेल्यावर डावा बैल थांबला. त्यानं एकदा उजव्याकडे पाहिलं आणि गुडघे मोडून पाण्यात बसला. मग उजवाही बसला.

काकांनी चुचकारलं. शेपट्या पिरगाळल्या. "उठ की माज्या राजा" पासून सुरुवात करून राजाच्या सात पिढ्यांपर्यंत गेले. बैल बसले ते बसले. शेवटी मला उमगलं आणि मी मोठ्यानं म्हटलं, "काका, शीव आपल्याला कळती. बैलांना नुसता सोमवार कळतो."

"सोमवार कसा कळंल गं जनावराला?" काका खेकसले.

पण कळत होता. जन्मल्यापासून सहा दिवस राबून सातव्याला बसलेलं जनावर ते. त्याला पंचांग लागत नाही. काकांनी भाकरीचं गठुडं सोडून एक भाकरी आमिष म्हणून डाव्याच्या तोंडापुढं धरली. त्यानं ती खाल्ली. मग दुसरी खाल्ली. आमची शिदोरी अशी ओढ्यात संपली आणि ऊन चांगलंच वर आलं.

आत्या एवढा वेळ गाडीतच होती. ती तोंड वर करून बसली होती. सूर्य कुठं आहे ते ती गालांवरच्या उन्हावरून ओळखत होती. एकदम म्हणाली, "सोड त्यांला. तेंचा वार हाय, तेंला बसू दे. आपला वार आपुन चालू."

जवळच्या वस्तीवर ओळखीचं घर होतं. काकांनी गाडी-बैल तिथं लावले (जू काढल्याबरोबर दोघंही टुणकन उठले, तेही सांगून ठेवते) आणि आम्ही तिघं चालू लागलो. आत्याचा एक हात माझ्या खांद्यावर. ती पाय उचलून उचलून टाकत होती, पाण्यातून चालावं तसं. दोनदा ठेचाळली. दुसऱ्यांदा अंगठ्यातून रक्त आलं, तिनं त्यावर माती दाबली आणि म्हणाली, "चल." मी देवाला मनात म्हणत होते, बाबा रे, हिला तेवढं दाखव, मग माझं काय करायचं ते कर. वय लहान असलं की माणूस देवाशी असे सौदे करतं.

माथ्यावर ऊन आलं तेव्हा मागून कापसाची गाडी आली. शेजारच्या गावचे ते बैल सोमवारी चालणारे, बारीक कुडीचे आणि कामसू. गाडीवान म्हणाला, "बसा की आत्याबाय वर. कापूसच हाय, टोचायचा न्हाई." त्यानं आणि काकांनी मिळून आत्याला वर चढवलं. मीही चढले. एवढ्या मऊ जागेवर मी जन्मात बसले नव्हते. बसलं की कमरेपर्यंत आत जायचं, आणि हलावं तर आणखी खोल. आत्या गळ्यापर्यंत बुडाली. तिच्या लुगड्याला, केसांना, पापण्यांना कापूस चिकटला. कितीतरी वेळानं ती हसली. "मला घेऊन चाललेत का विकायला चाललेत गं?" ती म्हणाली.

पण ती गाडी कापसाची होती, घाईची नव्हती. दोनदा वंगणासाठी थांबली, एकदा गाडीवानाच्या मेव्हण्याच्या शेतापाशी नुसतीच थांबली. सावल्या लांबायला लागल्या. गावाच्या वेशीवर नाका होता. तिथला शिपाई हातात लांब सळई घेऊन आला. कापसाखाली दुसरा काही माल दडवलाय का ते बघायला ते सळई खुपसून बघत. त्यानं सळई खुपसली आणि कापूस ओरडला, "मेले रे!"

शिपाई चार पावलं मागं उडाला. सळई आत्याच्या कुशीजवळून गेली होती, लागली नव्हती, पण तिनं असा आवाज काढला की नाकेदारसाहेब खोलीतून टोपी सावरत बाहेर आले. त्यांनी वर पाहिलं. कापसातून एक पांढरंफटक डोकं वर आलेलं, डोळे मिटलेले.

"ये अम्मा कापूस में कायकू बैठी?" त्यांनी विचारलं.

काकांना सरकारी माणसापुढं वाचा फुटत नसे. मग मीच, जमेल तशा दख्खनीत, सांगितलं. एका बुजुर्ग माणसाच्या हातची लिखावट आहे, कापडावरची. वर्षातून आजच बाहेर काढतात. दिवस मावळायच्या आत पेटीत जाते. हिची नजर चाललीय. हिला ती बघायचीय.

नाकेदारसाहेब ऐकत राहिले. मग आत्याकडे बघून अगदी हळू आवाजात म्हणाले, "तो फिर याँ कायकू रुके? जाव, जाव अम्मा. सूरज किसी के वास्ते नै ठैरता." आणि शिपायालाच सांगून तिला खाली उतरवून घेतलं. गाडी नाक्यावर राहिली. आम्ही गावात शिरलो.

मी ते गाव पहिल्यांदाच पाहत होते. काय पाहू आणि काय नको असं झालं. उतरत जाणाऱ्या फरसबंद गल्ल्या, एकमेकांना टेकून उभी दगडी घरं, त्यांच्या पलीकडं देवळांची शिखरं, खाली नदी. एका दारातून कुणी म्हातारा ओव्या म्हणत होता, आणि रस्त्यानं जाणारा भाजीवाला टोपली डोक्यावर घेऊन, न थांबता, पुढची ओळ पुरी करून गेला.  आमच्या गावात मला आणि आत्याला वाचता येई ते चोरटं वाटायचं, नको ते खाल्ल्यासारखं. इथं ते उघड्या हवेत फिरत होतं. आपण राखेत गिरवतो ती अक्षरं कुठूनतरी आली असतील, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. ती इथून आली असावीत असं मला तेव्हा वाटलं, आणि वाटलं ते वाटलंच.

गल्लीच्या तोंडाशी माझ्या पायात काच गेली. मी ओट्यावर टेकले आणि काकांना म्हटलं, तुम्ही पुढं जा, विचारा घर कुठं आहे. ते आत्याचा हात धरून वळणाच्या पलीकडं गेले. काच काढून मी लंगडत मागोमाग पोचले, आणि बघते तर दोघं हात जोडून उभे. समोर बांबूंवर लांबच्या लांब पांढरं कापड ताणून घातलेलं. काकांनी जोडे काढून बाजूला ठेवलेले. आत्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"बघ गं," ती मला म्हणाली, "केवढं लिवलंय! आन् किती बारीक."

कापड कोरं होतं.

रंगाऱ्याचं घर होतं ते. पागोट्याचं कापड धुऊन वाळत घातलं होतं, अजून रंगात बुडवायचं होतं. दारात रंगारीण उभी होती, कोपरापर्यंत हात निळे. तिला हसू आलं होतं, पण माझं तोंड बघून तिनं पदर ओठांवर धरला. काकांचा काय दोष? त्यांना लांब कापड बघायला सांगितलं होतं, त्यांनी लांब कापड गाठलं. अक्षर असलं काय आणि नसलं काय, त्यांना सारखंच. पण आत्या?

काय करावं मला कळेना. क्षणभर वाटलं, असू दे. तिला दिसलं ना, मग झालं. इथूनच परत फिरावं. कुणाचं काय जातंय? पण आत्याला फसवायचं कसं? ज्या बाईनं मला अक्षर दाखवलं तिला मी कोरं कापड लिहिलेलं म्हणून सांगू?

"आत्या," मी म्हटलं, "हे न्हवं. हे पागोट्याचं हाय."

ती माझ्याकडे वळली. "मंग ह्याच्यावर..."

"काही न्हाई."

 मला वाटलं आता ती खाली बसेल. काका जोडे घालायचं विसरून तसेच उभे. शेवटी म्हणाले, "आक्का, जाऊ दे. माघारी जाऊ."

"का म्हून?" आत्या म्हणाली. तिनं पदरानं डोळे कोरडे केले. पदराला कापूस होता, तो गालाला लागला. "बघायला आलेय म्या. दिसंल का न्हाई ते म्होरं जाऊन ठरंल. खरं घर कुठं हाय, इचार ह्यांला."

रंगारीण स्वतःच पुढं झाली आणि निळा हात करून दार दाखवत आली.

घरात शिरलो तेव्हा अंगणातलं ऊन गेलं होतं. वयस्कर यजमान आणि घरातली माणसं कापडाची शेवटची घडी घालत होती. पेटी उघडी होती, तिच्यातून कडुनिंबाच्या पाल्याचा वास येत होता. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, पण कापडाचं नाव काढल्यावर मान हलवली. मावळतीनंतर कापड उलगडत नाहीत. दिवा तर त्याच्या दहा हातांच्या आत आणायचा नाही. एक ठिणगी पडली तर काय राहील? "आता पुढच्या वर्षी या, बाई."

"पुढल्या वर्साला मला डोळे न्हाईत," आत्या म्हणाली. रडून नाही, गाऱ्हाणं म्हणून नाही. बाजारात भाव सांगावा तसं सांगितलं.

यजमानांनी तिच्याकडे नीट पाहिलं. धुळीनं भरलेली, अंगभर कापूस, अंगठा फुटलेला. मग त्यांनी वर पाहिलं. आमच्या मुलखातली घरं मातीच्या सपाट छपरांची, माळवदाची, एकाला एक लागून. अंगणात सावली होती, पण माळवदाच्या कडेवर अजून पिवळं ऊन होतं.

"वर घ्या," ते घरच्यांना म्हणाले. "लवकर."

मी ते विसरू शकत नाही. चौघांनी ते घडी घातलेलं कापड खांद्यावर लेकरासारखं घेतलं आणि जिन्यानं वर नेलं. आत्याला काकांनी जवळजवळ उचलूनच नेलं. वर गेलो तर सगळं गाव मावळतीत न्हालेलं. माळवदावर स्वच्छ धोतरं अंथरली आणि त्यावर कापड उलगडायला लागले. उलगडतायत, उलगडतायत, ते संपेचना. त्या घराचं माळवद संपलं. शेजाऱ्यांनी न विचारता आपल्या माळवदावर वाळत घातलेल्या मिरच्या बाजूला लोटल्या आणि कापड त्यांच्या घरावर गेलं. आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत अक्षर. इंचभर मोकळी जागा नाही. मी आजवर ज्याला पोथी म्हणत होते ती ह्याच्यापुढं मुठीएवढी होती. एका माणसानं हे केलं? दोन हात असलेल्या, भूक लागणाऱ्या, झोप येणाऱ्या माणसानं? माझी मान आपोआप खाली गेली.

"शिवू नका, बाई. बाकी हवं तेवढं बघा," यजमान म्हणाले.

आत्यानं दोन्ही हात मागं नेऊन एकमेकांत धरले. कापडाच्या सुरुवातीला ती गुडघ्यांवर बसली आणि वाकली, नाक टेकेल इतकी वाकली.   ऊन तिरपं होत होतं. मग ती हळूच म्हणाली, "वाच बरं तू."

मी वाचायला लागले. अक्षराचं वळण जुनं, ओळखीचं वाटायचं आणि फसवायचं. एक शब्द लागे, दोन लागत नसत. मी रडकुंडीला आले. हिला दिसत नाही, मला वाचता येत नाही, आणि ऊन चाललंय. आता कसं व्हायचं?

"थांब," आत्या म्हणाली. "गप ऱ्हा जरा."

ती गुडघ्यांवरच पुढं सरकली. आणखी पुढं. तोंड कापडावर, हात पाठीमागं. कपाळावरून घाम. एका जागी थांबली, मागं आली, पुन्हा तिथंच गेली. मग तिनं मान वर केली. तिचं तोंड असं झालं होतं, की काकांनी पागोटं काढून हातात घेतलं.

"काळं हाय," ती म्हणाली. "मंग फिकं व्हतंय. आनिक फिकं. आन् एकदम पुन्हा काळं. पुन्हा फिकं. असंच चाललंय, म्होरं म्होरं. बोरू बुडीवला का काळं, शाई सरत आली का फिकं. व्हय ना गं?"

मी वाकले. एवढा वेळ मी अक्षर शोधत होते, म्हणून मला ते दिसलं नव्हतं. तिच्या डोळ्यांना अक्षर दिसतच नव्हतं. दिसत होता नुसता काळा-फिका रंग. आणि खरंच, सगळ्या कापडभर ते चाललं होतं. गडद, मग उतरत उतरत फिकट, मग पुन्हा गडद. झोपलेल्या माणसाची छाती वर-खाली व्हावी तसं. जिथं जिथं गडद होतं तिथं तिथं हात उचलून दौतीत गेला होता आणि परत आला होता. मी मोजायचा विचारही केला नाही.

"हितं बघ," आत्या म्हणाली, "हितं पार फिकं झालंय. शाई सरली तरी लिवीतच ऱ्हायलेत. ध्यानातच न्हाई आलं तेंच्या." आणि ती हसली, एखाद्या घरच्या माणसाची खोड सांगावी तशी.

ती त्या टोकापर्यंत गेली. कुणी तिला घाई केली नाही. ऊन माळवदावरून सरकत गेलं, शेवटी तिच्या पाठीवर तेवढं उरलं, मग तिथूनही गेलं. यजमान कापडाचं टोक धरून उभे होते. ती उठेपर्यंत त्यांनी घडी घालायला हात लावला नाही.

त्या रात्री आम्हाला त्यांनी जाऊ दिलं नाही. सकाळी मंगळवार होता, वस्तीवर जाऊन जुंपले तर आमचे बैल मुकाट चालले. पुढच्या मार्गशीर्षाच्या आतच आत्याची नजर पूर्ण गेली. गावातल्या बायका तिला विचारत, काहीशा कीव करत, काहीशा खोचक, "एवढ्या लांब गेलतीस आत्याबाय, डोळ्यांनी तर धड दिसत नव्हतं. काय बघितलंस?"

"अक्षर न्हाई दिसलं," आत्या म्हणायची. "लिवताना बघितलं म्या तेंला."